एका मशीनपासून अख्ख्या प्लांटपर्यंत

मागच्या भागात स्काडा म्हणजे काय ते पाहिलं. आजचा प्रश्न, असं सॉफ्टवेअर कारखान्यात पसरतं कसं?

विकत घेतं मॅनेजमेंट. पसरतं मात्र शॉप फ्लोअरवरून. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही एकाच प्रेसपासून सुरुवात केली. मशीन चालू की बंद, हे पीएलसी सांगणार. बंद का, ते ऑपरेटरने स्क्रीनवर निवडायचं: डाय बदल, मटेरियल नाही, बिघाड, इतर.

पहिले दोन आठवडे झकास. मग मीटिंगमध्ये त्याच आकड्यांवरून ऑपरेटरला झापलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक कारण ‘इतर’! सॉफ्टवेअर चालू, माहिती बंद.

ओईई म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार. 90, 95 आणि 99 टक्के धरले, तरी उत्तर 85च्या आतच. आकडा मशीन देतं, पण कारण माणूसच सांगतो.

मग आम्ही तो रिपोर्ट सगळ्यात आधी ऑपरेटरलाच दाखवू लागलो. ‘मटेरियल नाही’चा वेळ डोळ्यांसमोर आला, स्टोअरची ट्रॉली वेळेवर यायला लागली. महिन्याभरात शेजारच्या लाइनचे सुपरवायझर म्हणाले, “आमच्याकडे कधी लावताय?”

खरेदीआधी एवढं बघा: लायसन्स टॅगच्या संख्येवर असेल, तर मशीन वाढली की खर्चाची मंजुरी पुन्हा मागावी लागू शकते. इग्निशनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते सर्व्हरमागे असतं, त्यामुळे दुसरी लाइन जोडणं सोपं जातं.

पण पहिली लाइन जिंकायची ती विश्वासानेच. भेटू पुढच्या भागात!