फुटलेली माहिती आणि आपली पत



परीक्षेचा पेपर फुटला तर परीक्षा पुन्हा घेता येते. पण आपली जन्मतारीख, पॅन आणि आधार क्रमांक एकदा फुटले की ते परत आणता येत नाहीत. २०२१ साली एअर इंडियाच्या जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची नावे, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील बाहेर गेल्याचे उघड झाले. आपण विमानाने फिरत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना नेट कॅफेत, सिमकार्ड घेताना दुकानात आपण कागदपत्रे देतोच.

अशा माहितीवर भामटे परस्पर कर्ज उचलतात आणि हप्ते थकतात ते आपल्या नावावर. कित्येकांना हे कळते ते मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी. वडील सहकर्जदार, त्यांचाच क्रेडिट रिपोर्ट खराब, म्हणून बँक अर्ज नाकारते. सावकाराच्या दारात पिढ्या घालवलेल्या आपल्या समाजाला बँकेतील पत सहज मिळालेली नाही. पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेण्यापासून दूर राहण्याचे आहे. दुसऱ्याचे नाव वापरणे ही तशीच चोरी होय.

मग काय करावे?

पहिले, पासवर्ड बदलावा आणि कार्डाचा तपशील फुटला असल्यास बँकेला सांगून कार्ड बंद करावे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना खात्यातून पैसे गेले आणि बँकेचा संदेश आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले, तर ग्राहकाला तोटा सोसावा लागत नाही.

दुसरे, आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे, म्हणजे अंगठ्याच्या ठशाचा गैरवापर टळतो. झेरॉक्स देताना शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' चालत असल्यास तेच द्यावे.

तिसरे, सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत देणे बंधनकारक आहे. दर तीन महिन्यांनी एकीचा मागवला, तर वर्षभर लक्ष राहते.

चौथे, न घेतलेले कर्ज दिसल्यास ती कंपनी व कर्ज देणारी संस्था या दोघांकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल न लागल्यास, एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर आणि पोलिसांतही नोंदवावी.

एक गोष्ट विसरू नये. फोनवर आपली खरी माहिती सांगणारा माणूस बँकेचाच असेल असे नाही. ती फुटलेली माहितीही असू शकते. ओटीपी कोणालाही सांगू नये.

विद्यार्थी मित्रांनो, रविवारच्या वंदनेनंतर विहारात थांबून वडीलधाऱ्यांना त्यांचा रिपोर्ट काढून दाखवा. मात्र मोबाईल त्यांच्याच हाती राहू द्या, ओटीपी त्यांनाच टाकू द्या. बुद्धांनी शिकवलेला अप्रमाद, म्हणजे सदैव सावध राहणे, आज इथेही आचरणात आणायचा आहे.

जय भीम!