नागरिकशास्त्राचा खरा पाठ

बडोदे शहराच्या समा या भागाशेजारीच हरणी आहे. तेथील तळ्यात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नौका उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका अशा १४ जणांचा अंत झाला. नौकेत क्षमतेहून अधिक माणसे बसविली होती. सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटेही नव्हती. तळे महानगरपालिकेचे, ते चालविण्याचा ठेका मात्र खाजगी हाती. गुन्हे दाखल झाले, उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. आठच दिवसांनी प्रजासत्ताक दिन आला आणि नेहमीप्रमाणे देशभरच्या शाळांतून संविधानाची प्रास्ताविका म्हटली गेली. ती प्रास्ताविका आणि हरणीचे ते तळे यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे किती मुलांना कुणी सांगितले असेल?

आमच्या मते नागरिकशास्त्राचा सारा प्रश्न येथेच आहे. इतिहासाच्या पाठीला बांधलेला हा विषय आपण चार गुणांच्या टिपा लिहिण्यापुरता शिकवितो. राष्ट्रपतीची निवड कशी होते हे मुलाला पाठ येते. पण आपण ज्या नौकेत बसणार तिची तपासणी कोणी करावयाची, हे त्याला ठाऊक नसते. कित्येकदा ते त्याच्या पालकांनाही ठाऊक नसते.

हे सारे बडोद्यात घडावे, हे विशेष बोचणारे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. ब्रिटिश मुलखाला त्या वेळी हे साधले नव्हते. पुढे गावोगाव वाचनालये निघाली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. प्रजेला वाचावयास शिकविण्यात त्या राजाने कसूर ठेवली नाही.

तरीही त्याच बडोद्यात १९१७ साली काय घडले? सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास घर मिळेना. जात कळताच पारशी विश्रांतिगृहातून त्यांना हुसकावून लावले गेले. मित्रांनीही आसरा दिला नाही. त्यांना दार बंद करणाऱ्यांत शिकलीसवरलेली माणसे होती. अक्षरओळख कायद्याने देता येते. शेजाऱ्याचा हक्क तो आपलाही हक्क, ही जाणीव मात्र निराळ्या शिक्षणाने यावी लागते. पुढे ज्यांच्या हातून संविधानाचा मसुदा सिद्ध झाला, त्यांना हा धडा याच नगरीने दिला.

आज कायद्याने तरुणांच्या हाती पुष्कळ दिले आहे. १९८९ पासून मताचा अधिकार अठराव्या वर्षी मिळतो. २००५ चा माहिती अधिकार कायदा 'नागरिक' म्हणतो, 'मतदार' म्हणत नाही; कारण सांगण्याची सक्ती न करता तो सरकारी कागद पाहण्याचा हक्क देतो, आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे त्यासाठी दहा रुपये पुरतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. साधने आहेत, ती वापरण्याचा सराव नाही.

तो सराव शाळेनेच द्यावा. नववी-दहावीच्या मुलांना वर्षातून एकदा नगरपालिकेची सभा प्रेक्षकांत बसून ऐकू द्या. खेड्यात ग्रामसभा दाखवा. शाळेजवळच्या गटारासंबंधी अर्ज लिहावयास लावा आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा त्यांच्याकडूनच करून घ्या. सहलीपूर्वी वाहनाचे, नौकेचे कागद कोणते पाहावयाचे याची यादी मुलांनीच करावी. आपल्या किनाऱ्यावर खाडी ओलांडून शाळेत जाणारी मुले आहेत. तरीवर किती माणसे बसावीत आणि तो आकडा कोणी ठरविला, हा प्रश्न त्यांच्याइतका जवळचा दुसऱ्या कोणाला असणार?

यावर शाळेत राजकारण शिरेल, असा आक्षेप येईल. पक्षाचे राजकारण शाळेबाहेरच राहावे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु गटार कोणी बांधावे आणि नौका कोणी तपासावी, हे विचारणे कोणत्याही पक्षाचे काम नव्हे. ते नागरिकाचे काम आहे. मुलांनी असे प्रश्न विचारले की शिक्षकांची व अधिकाऱ्यांची अडचण होते, हे खरे. ती अडचण सोसावी लागेल. हरणीच्या तळ्यावर नौका सुटण्यापूर्वी कोणीतरी अशीच अडचण उभी केली असती, तर १४ घरे उजाड झाली नसती.