भर उन्हात डेप्थ कॅमेरा

- काम : प्रत्येक पिक्सेलपर्यंतचे अंतर मोजणे.
- पद्धती : दोन लेन्सचा स्टिरिओ; प्रोजेक्टरने टाकलेली इन्फ्रारेड नक्षी (२०१०चा किनेक्ट कॅमेरा); प्रकाश परतण्याचा वेळ (२०१३चा किनेक्ट).
- उजेड : ऑफिसात सुमारे ५०० लक्स; थेट उन्हात १ लाखाच्या आसपास.
- ऑटो-एक्स्पोजर : ठरवून दिलेल्या क्षेत्राचा उजळपणा पाहून एक्स्पोजरचा वेळ व गेन (सिग्नलची वाढ) बदलते.
- लक्षणे : चित्र पांढरे पडते, किंवा आकाशाच्या उजेडामुळे जमीन काळवंडते. दोन्हींत अंतराच्या नकाशात भोके पडतात.
- उपाय, क्रमाने : ऑटो-एक्स्पोजरचे क्षेत्र जमिनीपुरते ठेवा; गेन किमान करा; एक्स्पोजर घटवा; तरीही पांढरे दिसल्यास लेन्सवर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा.
- इन्फ्रारेड : उन्हातही असते, म्हणून प्रोजेक्टरची नक्षी पुसट होते. ९४० नॅनोमीटर तरंगलांबीला हवेतील बाष्पामुळे ऊन तुलनेने कमी पोहोचते.