तारेखालचे रान आणि गावाचे पाणी



जन्मभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने विजेच्या तारांखालील झाडोऱ्याविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. संतवाङ्मयावर अथवा नाट्यसंगीतावर बोला, असे मला सुचविण्यातही आले होते. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते आमचे विज्ञानशिक्षक विषय निवडताना तो वर्गाच्या खिडकीतून दिसतो की नाही, एवढेच पाहत असत. या शाळेच्या खिडकीतून पिंपळाच्या फांद्यांना जवळजवळ चाटून गेलेल्या तारा आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. शिवाय या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी वीजखात्यात नोकरीस लागले आणि कित्येकांच्या शेतांवरून त्याच खात्याच्या तारा गेल्या. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच आहे.

मला स्वतःला तो परदेशात भेटला. २०१३ च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे अमेरिकेत होतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचे वाळूचे एक द्वीपकल्प समुद्रात हाताच्या कोपरासारखे वाकून शिरलेले आहे. तेथे चार दिवस राहण्याचा योग आला. फिरावयास जाताना वीजवाहिनीखालच्या मोकळ्या पट्ट्याच्या कडेला एका लाकडी खुंटावर हाताने रंगविलेली पाटी दिसली. येथे फवारणी करू नका, असे तीवर लिहिले होते. त्या घरच्या वृद्ध गृहस्थांशी बोलणे झाले. वीजकंपनी तारांखालची झुडपे मारण्यासाठी तणनाशक फवारणार होती आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्याची विहीर पट्ट्यापासून फार दूर नव्हती. झुडपे कापा, माझी हरकत नाही, असे ते म्हणत होते. मला त्यांचे म्हणणे इतके साधे आणि रास्त वाटले की कंपनी ते का ऐकत नाही, हेच कळेना. परत आल्यावर मी या विषयाचे जे काही वाचन केले, ते त्या न कळण्यातून.

प्रथम तारेची बाजू समजून घेऊ. वीजवाहिनीची तार दोन मनोऱ्यांमध्ये ताणलेली दिसली तरी ती स्थिर नसते. विजेचा भार वाढला की ती तापते. तापली की लांबते. लांबली की झोळीसारखी खाली येते. उन्हाळ्याच्या दुपारी हवा गरम आणि वारा पडलेला असेल, तर ती आणखी उतरते. उच्च दाबाच्या तारेला झाडाने स्पर्श करण्याचीही आवश्यकता नसते. अंतर पुरेसे कमी झाले की वीज हवेतूनच झाडावर झेप घेते. म्हणून आपल्याकडे वनखात्याच्या मार्गदर्शक सूचनांत १३२ किलोव्होल्टच्या तारेपासून झाड किमान ४ मीटर, २२० च्या तारेपासून ४.६ मीटर आणि ४०० च्या तारेपासून ५.५ मीटर दूर असावे, असे ठरवून दिलेले आहे.

ही सावधगिरी अवाजवी नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या तासाभराच्या आत एकापाठोपाठ एक झाडांमुळे बंद पडल्या. त्यांपैकी पहिलीवर तर तिच्या क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता; तार वाजवीपेक्षा खाली आलेली नव्हती, खालचे झाडच वाजवीपेक्षा वर गेले होते. नियंत्रणकक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणकयंत्रणा नेमकी त्याच वेळी निकामी झालेली असल्याने कर्मचाऱ्यांना काही कळले नाही. सायंकाळपर्यंत अमेरिकेच्या आठ राज्यांत आणि कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर तेथे तारांखालची वाढ आवरण्याचे नियम बंधनकारक झाले आणि चुकणाऱ्या कंपनीस जबर दंडाची तरतूद झाली. २०१३ मध्ये केप कॉडच्या त्या गृहस्थांशी कंपनी ज्या ताठरपणे बोलत होती, त्याच्या मागे हेही होते.

मग कापून का भागत नाही? याचे उत्तर मला परदेशी ग्रंथांत सापडण्याआधी आपल्या उसाच्या फडात सापडावयास हवे होते. ऊस तोडला की मुळे जिवंत असतात आणि खोडवा फुटतो. एका जागी अनेक फुटवे येतात. रुंद पानांच्या पुष्कळ झाडांचे असेच आहे. बुंधा कापला तरी जमिनीखालचा अन्नसाठा शाबूत राहतो, आणि एका खोडाच्या जागी पाच-सहा धुमारे अधिक वेगाने वर येतात. दर तीन-चार वर्षांनी कापत राहिले, तर पट्ट्यात झाडांची संख्या घटण्याऐवजी वाढत जाते. म्हणजे कापणे हा खोडवा राखण्याचाच एक प्रकार होतो.

येथे रसायन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी आणि २,४,५-टी ही दोन तणनाशके अमेरिकेत मुबलक मिळू लागली आणि वीजकंपन्यांनी तारांखालच्या पट्ट्यांवर त्यांचा मारा सुरू केला. काही ठिकाणी तर हेलिकॉप्टरमधून. हिरव्यागार डोंगरावर मैलोगणती तपकिरी पट्टे दिसू लागले. पेनसिल्व्हेनियातील शिकारी मंडळींनी यावर प्रश्न केला. या पट्ट्यांत हरणे, ससे, रानपक्षी चरावयास येतात. त्यांचे काय होणार? या प्रश्नातून १९५३ साली तेथील एका राखीव वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिनीखाली एक संशोधन सुरू झाले. विल्यम ब्रॅम्बल आणि विल्यम बर्न्स या शास्त्रज्ञांनी ते दशकानुदशके चालविले आणि त्यांच्यामागून इतरांनी पुढे नेले. खर्चाचा वाटा वीजकंपनीने, रसायने बनविणाऱ्या कारखान्याने आणि झाडे तोडणाऱ्या कंत्राटदार संस्थेने उचलला होता, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे. तथापि निघालेला निष्कर्ष केवळ त्यांच्या सोयीचा नव्हता.

पट्ट्याचे भाग पाडून कोठे केवळ हाताने तोड, कोठे सरसकट फवारणी, कोठे निवडक फवारणी, असे वेगवेगळे उपाय वर्षानुवर्षे करून पाहिले गेले. केवळ तोड केलेल्या भागात झाडांची दाटी सर्वाधिक राहिली. याउलट जेथे उंच वाढणारी झाडे तेवढी निवडून मारली आणि ब्लूबेरीसारखी ठेंगणी झुडपे, नेचे, गवत यांना हात लावला नाही, तेथे या खुज्या वनस्पतींनी जमीन व्यापून टाकली. त्यांच्या सावलीत झाडांच्या रोपांना डोके वर काढता येईना. पडलेले बी उंदीर आणि ससे खाऊन टाकीत. पुढच्या खेपांना तणनाशकाची गरज कमी होत गेली. शिकारी ज्यांच्यासाठी काळजीत होते, ती जनावरे अशा पट्ट्यात आवडीने येत. या अनुभवातून १९८० च्या दशकात एक पद्धत पक्की झाली : तारेच्या थेट खाली गवत आणि अगदी ठेंगणी झाडे, दोन्ही कडांना त्याहून उंच झुडपे, आणि त्यांपलीकडे जंगल. फ्रँक एग्लर हे वनस्पतिशास्त्रज्ञ तर निवडक उपचाराचा पुरस्कार आधीपासूनच करीत होते. त्यांच्या या विचाराचा रेचेल कार्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथात आदराने उल्लेख केला आहे. कीटकनाशकांविरुद्ध जगाला जागे करणाऱ्या या विदुषीचा रोष रसायनाच्या प्रत्येक थेंबावर नव्हता, सरसकटपणावर होता. ही गोष्ट तिचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात.

येथे भाषेच्या माणसाला राहवत नाही, म्हणून थोडे विषयांतर. ज्याला आपण 'तण' म्हणतो, त्या नावाचे वनस्पतीचे कोणतेही कूळ नाही. तण हा आपण दिलेला निकाल आहे. तारेखाली उगवलेला सरळसोट ओक हे तण, आणि जिला कोणी विचारीत नाही अशी काटेरी झुडूपजाळी हे पीक. आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडील भांगलण, विदर्भातील निंदण, कोकणातील बेणणी हे सारे शब्द निवडीचे आहेत. ओळीने बसून खुरपे चालविणारी बाई काय उपटावयाचे यापेक्षा काय ठेवावयाचे हे आधी पाहते. पेनसिल्व्हेनियातील शास्त्रज्ञ पाठीवर पंप घेतलेल्या कामगारास जे शिकवीत होते, ती भांगलणच होती.

मग केप कॉडचे ते गृहस्थ अडाणी होते काय? मुळीच नाही. पन्नाशीच्या दशकात ज्या २,४,५-टीची ग्वाही दिली जात होती, त्याच्या निर्मितीत डायॉक्सिन नावाचे अतिविषारी द्रव्य अशुद्धीच्या रूपाने उतरत असे. हेच रसायन २,४-डीबरोबर समभाग मिसळून 'एजंट ऑरेंज' या नावाने व्हिएतनामच्या जंगलांवर ओतले गेले. अमेरिकेत त्यावर निर्बंध आले, त्यामागे ऑरेगन राज्यातील अल्सी या गावाजवळची एक शाळाशिक्षिका होती. तिचे नाव बॉनी हिल. तिने आपल्या परिसरातील स्त्रियांचे गर्भपात आणि आसपासच्या वनांवरील फवारणी यांच्या नोंदी पडताळून पाहिल्या आणि १९७८ मध्ये इतर स्त्रियांसह सरकारला पत्र लिहिले. पुढे सरकारने केलेल्या अभ्यासाच्या पद्धतीवर संख्याशास्त्रज्ञांनी कडक टीका केली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरी १९७९ मध्ये वने, कुरणे आणि वीजवाहिन्यांचे पट्टे यांवरील या रसायनाचा वापर तातडीने स्थगित झाला आणि १९८५ मध्ये ते तेथे कायमचे बंद झाले. तोवर तीस वर्षांहून अधिक काळ ते गावोगावच्या रानात पडत राहिले होते. ज्या समाजाला ही आठवण आहे, त्याला नव्या रसायनाची हमी देताना आवाज चढवून चालत नाही.

आजच्या औषधांविषयीही तज्ज्ञांचे एकमत नाही. ग्लायफोसेट हे बहुधा कर्करोगकारक असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ठरविले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तसे मानले नाही. अशा वेळी जमिनीचा पोत पाहावा लागतो. केप कॉड म्हणजे हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे. वर पडलेले झिरपून जाते, आणि खालचा भूजलसाठा हाच तेथील लोकांच्या पिण्याचा आधार असल्याने १९८२ मध्येच त्याला एकमेव जलस्रोत म्हणून केंद्रीय मान्यता मिळालेली होती. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरावरचा निष्कर्ष वाळूच्या या जिभेवर जसाच्या तसा लावता येतो, असे मला वाटत नाही. गावांच्या आग्रहावरून कंपनीने काही वर्षे फवारणी थांबविली होती. मी गेलो त्या साली ती पुन्हा सुरू होत होती.

मात्र त्या राज्याचा एक नियम मला फार मोलाचा वाटला. वीजकंपनीला पाच वर्षांचा आराखडा आणि प्रत्येक वर्षाचा स्वतंत्र कार्यक्रम सादर करावा लागतो. कोणते औषध, कोणत्या वाहिनीखाली, कोणत्या पद्धतीने, हे सारे त्यात असते. लोकांना हरकती मांडावयास मुदत मिळते, गावाला आगाऊ सूचना जाते, आणि विहिरी व तळी यांच्या भोवती ठराविक अंतरात फवारणीस बंदी असते. ते गृहस्थ लढत होते खरे. पण ते कशाशी लढत आहेत, हे त्यांना ठाऊक होते. औषधांची नावे त्यांना माझ्यापेक्षा चांगली पाठ होती.

आपल्याकडे तारांखाली अजून कोयता आणि आकडी यांचेच राज्य आहे. पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटणारी टोळी येते, दिवसभर वीज जाते, आणि झाड एका बाजूने बोडके होते. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६८ नुसार वाहिनीला अडथळा करणारे झाड दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने काढता येते. ते झाड तारेच्या आधीचे असेल, तर मालकास भरपाईची तरतूद आहे. वनातून जाणाऱ्या वाहिन्यांखाली खुज्या जातींची व औषधी झाडे लावावीत, असे केंद्राच्या सूचनाही सांगतात. परंतु भांगलणीस बाई मिळेनाशी झाली, तसे आपल्या बांधांवर तणनाशक आले. छाटणीस माणूस मिळेनासा झाला की ते तारेखालीही येईल.

किंबहुना एके ठिकाणी ते आलेच. २०१६ च्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीजवळच्या वीज उपकेंद्राच्या कुंपणालगत एका कंत्राटदाराची माणसे पंप घेऊन आली. कोणास काही सांगितलेले नव्हते. आठ दिवसांत कुंपणाबाहेरचा आमचा कढीलिंब करपला, आणि त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांची वापरातली विहीर होती. मी त्या मुलास विचारले, काय मारता आहात? तो म्हणाला, औषध. कोणते, म्हणून विचारले, तेव्हा त्याने प्लॅस्टिकचा डबा दाखविला. त्यावर चिठ्ठीच नव्हती. हातात मोजे नव्हते. विषाला औषध म्हणण्याची आपल्या भाषेची ही रीत मी वर्गात चाळीस वर्षे गमतीचे उदाहरण म्हणून सांगत आलो होतो. त्या दिवसापासून ते उदाहरण मी देऊ शकलेलो नाही.

आम्ही वसाहतीतील अकरा जणांनी सह्या करून पत्र दिले. फवारू नका, असे त्यात लिहिले नव्हते. उपकेंद्रात गवत माजणे किती धोक्याचे, हे आमच्यातील एका निवृत्त अभियंत्यानेच समजावून सांगितले होते. औषधाचे नाव, तारीख आणि विहिरीपासूनचे अंतर आधी कळवा, एवढीच मागणी होती. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी जूनमध्ये मात्र कुंपणाच्या फाटकावर कन्नडमध्ये एक कागद चिकटविलेला दिसला. त्यावर तारीख होती, औषधाचे नाव होते, आणि विहिरीच्या बाजूचे कुंपण हाताने साफ केले जाईल, असे लिहिले होते. खाली खडूने कोणीतरी त्याचे मराठी करून ठेवले होते. त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत.