बिनतारी विमानाचें पहिलें उड्डाण

हातानें घडविलेल्या बहुतेक वस्तूंची परीक्षा सावकाश होते. नव्या खुर्चीचा पाय डुगडुगला तर बसणारा उठतो आणि सुतार पुन्हां रंधा हातीं घेतो. अंगरखा काखेंत आवळला तर शिंपी शिवण उसवून देतो. घरीं बांधलेल्या बिनतारी विमानास ही सवलत नाहीं. दोन-तीन महिने रात्रीं दिव्याखालीं बसून, टेबलावर पसरलेल्या नकाशावर फासळ्या टांचून आणि चिकटवून जें सिद्ध केलें, तें चाकांनीं जमीन सोडतांच मालकाच्या हाताबाहेर जातें. चूक राहून गेली असेल तर ती ओळखून सांवरण्यास कांहीं क्षण मिळतात, आणि तेहि दूर जमिनीवर उभें राहून. म्हणूनच या छंदांतील जाणते लोक पहिल्या उड्डाणाची तयारी मैदानावर करीत नाहींत. त्याचा बराचसा निकाल घरांतील टेबलावरच लागलेला असतो.

येथें ज्या विमानाचा विचार करावयाचा तें शिकाऊ चालकासाठीं योजिलेलें, ज्यास ‘ट्रेनर’ म्हणतात त्या जातीचें. पंखांचा एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंतचा पसारा सुमारें दीड-पावणेदोन मीटर, वजन सव्वादोन किलोच्या आसपास, नाकावर साडेसहा घनसेंटिमीटरचें लहानसें इंजिन किंवा तेवढ्याच ताकदीची विजेची मोटर. सांगाडा बाल्सा लाकडाचा. हें लाकूड मुख्यत्वें दक्षिण अमेरिकेंतील एक्वाडोर देशांतून येतें, आणि हलकें इतकें कीं, तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढेंच त्याचें वजन भरतें. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा इस्त्रीनें ताणून बसविलेला असतो. पाहणाऱ्यास हें सारें खेळणें वाटतें, आणि पहिली गफलत येथेंच होते. सव्वादोन किलोची ही वस्तु ताशीं ६० किलोमीटर वेगानें कोणावर आदळली, तर चार मजली इमारतीच्या गच्चीवरून तेवढेंच वजन डोक्यावर सोडल्यासारखी ती लागेल. पुढें फिरणारें प्रोपेलर असतें तें वेगळेंच.

हा छंद कालपरवांचा नव्हे. अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत कॅलमझू नांवाचें शहर आहे. तेथील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं १९३७ सालीं ‘गफ’ नांवाचें आपलें विमान बिनतारी संदेशांनीं चालवून दाखविलें. त्या काळीं ट्रान्झिस्टर निघालेला नव्हता. विमानांतील ग्राहक यंत्र निर्वात नळीचें आणि बॅटऱ्या जड. तें ओझें वाहावयाचें म्हणून विमानहि भलें मोठें. आज तें वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. गुड बंधूंच्या यंत्राचें काम आतां काड्यापेटीहून लहान वस्तु करते. पूर्वी एकाच मैदानावर दोघांनीं एकच लहर वापरली कीं एकाच्या हातचें विमान दुसऱ्याच्या संदेशानें कोसळे. हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झवरील यंत्रांत प्रेषक आणि ग्राहक एकमेकांस ओळखून असतात, त्यामुळें तें भय पुष्कळ कमी झालें आहे.

शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वरच्या अंगास बसविलेले असतात आणि त्यांचीं दोन्ही टोंकें किंचित् वर उचललेलीं असतात. हें शोभेसाठीं केलेलें नसतें. झुळुकीनें विमान एका बाजूस कललें म्हणजे तें त्या बाजूकडे घसरूं लागतें. घसरतांना खालच्या पंखास वारा अधिक कोनानें भिडतो, त्याची उचल वाढते आणि विमान आपोआप सरळ होऊं पाहतें. गोंधळलेल्या नवशिक्यानें दांड्या नुसत्या सोडून दिल्या तरी, पुरेशी उंची असल्यास, असें विमान पुष्कळदां स्वतःच सांवरतें. मात्र हा गुण नकाशावरून विमानांत उतरावयाचा तर पंखास पीळ असतां कामा नये. विमान टेबलावर ठेवून मागच्या बाजूनें एक डोळा मिटून पाहिलें म्हणजे पीळ दिसतो. तो असल्यास पंख उलट दिशेनें हलकेच पिळून धरावा आणि पापुद्र्यावर पुन्हां ऊष्णता द्यावी. निवल्यावर तो नव्या ठेवणींत राहतो.

सर्वांत अधिक वेळ द्यावयाचा तो गुरुत्वमध्यास. पंखाची रुंदी ३० सेंटिमीटर धरली तर विमानाचा तोल पुढल्या कडेपासून साडेसात ते नऊ सेंटिमीटरांच्या दरम्यान यावा, असा या जातीच्या विमानांचा सामान्य नियम आहे. तेथें पंखाखालीं खूण करून दोन बोटांवर विमान उचलावें. इंजिनाचें विमान असेल तर टांकी रिकामी असावी. विजेचें असेल तर बॅटरी जागच्या जागीं बसविलेली असावी. नाक किंचित् खालीं झुकलें तर ठीक. शेपूट खालीं गेली तर त्या दिवशीं मैदानाकडे जाऊं नये.

याचें कारण बाणाकडे पाहिलें म्हणजे कळतें. बाणाचें लोखंडी टोंक पुढें आणि पिसें मागें असतात, म्हणून तो सरळ जातो. उलटा सोडला तर तो हवेंतच उलटतो. विमानाचें वजन फार मागें गेलें कीं त्याची शेपटी पिसांचें काम करीनाशी होते. नाक थोडें वर झालें तर तें पूर्ववत् न होतां आणखीच वर जातें, आणि चालकाची प्रत्येक दुरुस्ती गरजेपेक्षां मोठी ठरते. नाकाकडे जड असलेलें विमान वाईट उडतें, पण शेपटीकडे जड असलेलें एकदांच उडतें, अशी या मंडळींत म्हणच पडून गेली आहे. घरगुती बांधणींत हा दोष वारंवार येतो, कारण शेपटीच्या सांध्यांवर सरस सढळ हातानें पडतो. शेपटी पंखांपासून लांब, नाक जवळ. त्यामुळें मागें वाढलेले दहा ग्रॅम फेडण्यास पुढें पंचवीस-तीस ग्रॅम शिसें घालावें लागतें. फासळ्यांस भोकें पाडून एकेक ग्रॅम वांचविलेल्या माणसास हें शिसें घालणें जिवावर येतें. तरीहि तें घालावेंच लागतें. विजेच्या विमानांत बॅटरी पुढें सरकवून बहुधा तेंच काम फुकट साधतें.

त्यानंतर येतात हलते भाग. पंखांच्या मागल्या कडेवरील दोन झडपा म्हणजे एलेरॉन, शेपटीवरील आडवी झडप म्हणजे एलेव्हेटर, आणि उभी झडप म्हणजे सुकाणूं. प्रेषकाच्या दांड्या हलविल्या कीं विमानांतील सर्व्हो नांवाच्या लहान मोटरी सळयांच्या योगें या झडपा फिरवितात. विमानाच्या मागें उभें राहून दांडी उजवीकडे दाबली असतां उजवा एलेरॉन वर आणि डावा खालीं गेला पाहिजे; दांडी आपल्याकडे ओढली असतां एलेव्हेटरची मागली कड वर उठली पाहिजे. इतकी साधी गोष्ट कोण चुकेल, असें वाटणें साहजिक आहे. परंतु सर्व्होची दिशा प्रेषकावरील एका कळीनें उलटते, आणि एकाच प्रेषकांत अनेक विमानांच्या जुळण्या सांठविलेल्या असल्यामुळें भलत्याच विमानाची जुळणी निवडली जाणेंहि अशक्य नसतें. विमानाकडे तोंड करून तपासणाऱ्यास तर उलटें तेंच सुलटें भासतें.

या चुकीची किंमत मोठ्या विमानांनींहि मोजली आहे. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेल्या लँकेस्टर या बाँबफेकी विमानाचा रचनाकार रॉय चॅडविक हा २३ ऑगस्ट १९४७ रोजीं इंग्लंडांत वुडफर्ड येथें अ‍ॅव्हरो ट्यूडर विमानाच्या चांचणी-उड्डाणांत मरण पावला. त्या विमानाच्या एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान एका अंगास कललें, चालकानें तें सरळ करण्यासाठीं जें केलें त्यानें तें अधिकच कललें, आणि चालकासह इतरहि प्राणांस मुकले. ज्यांनीं तारा जोडल्या ते नवशिके नव्हते. त्याआधीं १९३५ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें एक नवें विमान, उभें असतां झडपा जखडून ठेवणारा अडसर सोडावयाचा राहिल्यामुळें कोसळलें होतें; चालक अनुभवी होता, विसरला एवढेंच. वैमानिकांनीं उड्डाणापूर्वी लेखी यादी वाचून एकेक बाब पडताळण्याची पद्धति त्या अपघातानंतर रुजली. वीतभर कागदावर अशी यादी लिहून ती प्रेषकाच्या पेटींत ठेवण्यास घरगुती विमानाच्या मालकास कांहींच खर्च येत नाहीं. स्मरणशक्तीवर विसंबून राहणें हा केवळ आळस होय.

यादींतील बाकीच्या बाबी लौकर आटोपतात. प्रत्येक बिजागरी बोटानें ओढून पाहावी. प्रेषकाची शक्ति मुद्दाम कमी करणारी कळ दाबून तीस पावलें दूर जावें व तेथून झडपा नीट हलतात कीं नाहीं हें पाहावें. संदेश तुटल्यास मोटर आपोआप बंद पडते, हें विमान घट्ट धरून आणि प्रोपेलर काढून पडताळावें. बॅटरी जोडलेली विजेची मोटर ही सदैव जागी आहे असें समजावें. प्रोपेलर लावल्यावर त्याच्या समोर किंवा बाजूस कोणीं उभें राहूं नये, मागेंच उभें राहावें. बोटांस झालेल्या जखमांची या छंदांत वाण नाहीं.

मैदान निवडतांना शहरवासीयांची अडचण होते. क्रिकेट चाललेलें मैदान, रहदारीचा रस्ता, विजेच्या तारा आणि विमानतळाचा शेजार हीं चारहि वर्ज्य. भारतांत ‘ड्रोन नियम, २०२१’ यांनीं आकाशाचे लाल, पिवळे व हिरवे असे विभाग केले आहेत. आपलें मैदान कोणत्या विभागांत पडतें तें सरकारी नकाशावर आधीं पाहून ठेवावें, आणि विमान नजरेच्या टप्प्यांतच ठेवावें. दख्खनच्या पठारावर हिंवाळ्यांतील सकाळ या कामास उत्तम. ऊन चढल्यावर वारा उसळूं लागतो, आणि घारीहि घिरट्या घालण्यास येतात. घरांतील वडील मंडळींनीं या दिवशीं मुलाबरोबर जावें हें बरें. दोन महिने जेवणाचें टेबल अडलें म्हणून कुरकुर केलेली असली तरी त्या दिवशीं त्यांचा उपयोग आहे. चालकाची दृष्टि विमानावर खिळलेली असतां मैदानांत कोणी शिरत नाहीं ना, हें पाहणारा एक माणूस लागतोच. चालक स्वतः नवशिका असेल तर पहिलें उड्डाण अनुभवी हातानेंच व्हावें. दोन प्रेषक जोडून, एक गुरूच्या व एक शिष्याच्या हातीं देण्याची सोय आज आहे, आणि ती न वापरण्यांत कसलाहि पुरुषार्थ नाहीं.

उड्डाण नेहमीं वाऱ्याकडे तोंड करून. प्रथम जमिनीवरच थोडें चालवून पुढलें चाक सरळ जातें कीं नाहीं तें पाहावें. मग शक्ति हळूहळू वाढवावी. वेग आला म्हणजे शिकाऊ विमान जवळजवळ आपण होऊन उठतें. त्याला ओढून उठवूं नये. चढतांना इंजिन बंद पडलें तर मागें वळण्याचा मोह टाळून समोरच उतरावें, कारण कमी वेगांत घेतलेलें वळण हेंच बहुतेक अपघातांचें मूळ असतें. पन्नासेक मीटर उंची मिळाली कीं शक्ति कमी करून विमान समपातळींत आणावें व दांड्यांजवळील लहान कळींनीं त्याचा कल काढून टाकावा. डावीकडे ओढत असेल तर उजवीकडे दोन टिचक्या, नाक वर जात असेल तर खालीं दोन; हात सोडला असतां विमान सरळ जाईपर्यंत एवढेंच काम.

यांतील खरी कसोटी विमान परत फिरून चालकाकडे येऊं लागतें तेव्हां लागते. आतां त्याचा उजवा पंख चालकाच्या डाव्या हातास आहे. बोटें जुन्या संवयीनें दांडी भलत्या बाजूस दाबतात, विमान अधिक कलतें, भीतीनें बोटें आणखी जोरानें दाबतात. यावर अनुभवी लोकांची एक सोपी युक्ति आहे: जो पंख खालीं गेलेला दिसेल त्याच्याकडे दांडी न्यावी, जणूं त्या पंखाखालीं टेंकूच देत आहों. विमान आपल्याकडे येत असतां ही युक्ति दर वेळीं बरोबर उतरते, कारण तिच्यांत डावें-उजवें यांचा विचारच करावा लागत नाहीं.

उतरण्यापूर्वी, उंचावर असतांनाच, शक्ति अगदीं कमी करून आणि एलेव्हेटरची दांडी हळूहळू मागें ओढून विमान कोणत्या वेगास पडतें तें पाहून घ्यावें. येथें वर्णिलेल्या मापाच्या विमानांत ही मर्यादा ताशीं ३० किलोमीटरच्या सुमारास येते. वेग त्याखालीं गेला कीं पंखावरून वाहणारा वारा पंख सोडून देतो आणि उचल एकाएकीं नाहींशी होते. अशा वेळीं नाक सरळ खालीं पडलें तर बांधणी चांगली. एकच पंख पडला तर पीळ किंवा वजनाचा फरक शिल्लक आहे असें समजावें. दोहोंतहि उपाय एकच, दांडी पुढें सोडून वेग येऊं देणें. हें ज्यानें वर पाहून ठेवलें नाहीं त्यास तें जमिनीपासून चार मीटरांवर प्रथमच पाहावें लागतें.

चार-पांच मिनिटांत खालीं यावें. पुन्हां वाऱ्याकडे तोंड, लांबून आणि बेताची उतरण, आणि शेवटच्या मीटरभरांत नाक अगदीं थोडें वर. उतरल्यावर लगेच दुसरें उड्डाण करूं नये. आधीं बॅटरी काढावी, मग पंखांचे व मोटरीचे स्क्रू पाहावे; थरथरीनें एखादा सैल झालेला असतोच. कल काढण्यासाठीं लहान कळी किती सरकवाव्या लागल्या तें कागदावर लिहावें. एलेव्हेटर पुष्कळ खालीं ठेवावा लागला असेल तर वजन अजून मागें असण्याचा संभव आहे, तेव्हां तोल पुन्हां तपासावा. थोडाच फरक असेल तर सळईच्या टोंकाचा आंकडा एक-दोन फेरे फिरवून झडप त्या जागीं आणावी आणि कळ पुन्हां मध्यावर घ्यावी. तोंपर्यंत बॅटरी निवते, आणि ती निवल्यावरच पुन्हां भरावयास लावावी.