इक्विटी रिअलायझेशन (पोकर)

इक्विटी रिअलायझेशन ही पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या डावपेचांतील एक संकल्पना आहे. खेळाडूच्या पत्त्यांना पॉटमधील (डावात लागलेल्या एकूण रकमेतील) जो हिस्सा गणिताने मिळायला हवा, त्यापैकी प्रत्यक्षात सरासरीने किती पदरात पडतो, याचे ते प्रमाण होय.

== इक्विटी व तिचा ऱ्हास ==
पुढे कोणीही पैज न लावता उरलेले सर्व सामाईक पत्ते उघडल्यास पॉटचा जेवढा वाटा सरासरीने मिळेल, त्यास इक्विटी म्हणतात. प्रत्यक्षात पैजा चालूच राहतात आणि पत्ते टाकून देणाऱ्या खेळाडूचा पॉटवरील हक्क संपतो.

उदाहरणार्थ, टेक्सास होल्डेम प्रकारात खेळाडूच्या हाती बदामाचे दोन पत्ते आहेत व फ्लॉपच्या तीन पत्त्यांत आणखी दोन बदाम आले आहेत. त्याने न पाहिलेल्या ४७ पत्त्यांत ९ बदाम उरतात. पुढील दोन्ही पत्ते पाहता आले, तर फ्लश जुळण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. परंतु पहिल्याच पत्त्यानंतर मोठ्या पैजेमुळे माघार घ्यावी लागली, तर ती सुमारे १९ टक्केच राहते.

== मापन ==
प्रत्यक्ष अपेक्षित मूल्यास इक्विटी व पॉट यांच्या गुणाकाराने भागल्यास हे प्रमाण मिळते. पॉट १०० चिपांचा व इक्विटी ४० टक्के असता अपेक्षित मूल्य ३० चिपा असेल, तर प्रमाण ७५ टक्के होते. ते १०० टक्क्यांहून अधिकही असू शकते. दोन्ही खेळाडू ऑल-इन असल्यास पुढे पैजा उरत नाहीत. त्यामुळे ते नेमके १०० टक्के असते.

== परिणाम करणारे घटक ==
* '''पोझिशन:''' शेवटी खेळणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याची चाल आधी कळते. त्यामुळे त्याचे प्रमाण सहसा अधिक असते.
* '''पत्त्यांची जुळणी:''' एकाच रंगाचे व लागोपाठचे पत्ते फ्लश किंवा स्ट्रेटकडे नेतात. विजोड पत्त्यांना पैजेपुढे टिकणे कठीण जाते.
* '''शिल्लक चिपा:''' पॉटच्या तुलनेत चिपा थोड्या उरल्या असल्यास पुढील पैजांचा प्रभाव घटतो.

== उपयोग ==
समजा, स्मॉल ब्लाइंड १ चिप व बिग ब्लाइंड २ चिपा आहे. बटनावरील खेळाडूने ५ चिपा लावल्या व स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. बिग ब्लाइंडला ८ चिपांच्या पॉटसाठी आणखी ३ चिपा द्याव्या लागतात. म्हणजे ११ पैकी ३, अर्थात सुमारे २७ टक्के हिस्सा आवश्यक ठरतो. त्याच्या विजोड पत्त्यांची इक्विटी ३५ टक्के असल्यास कॉल फायद्याचा भासतो. मात्र त्यातील ७० टक्केच पदरात पडणार असेल, तर खरा हिस्सा २४.५ टक्के भरतो व कॉल तोट्याचा ठरतो. म्हणूनच केवळ इक्विटीची तुलना पॉटच्या भावाशी करणे पुरेसे मानले जात नाही.