जाणे आणि परत येणे

वहिनीची २६ आठवड्यांची प्रसूतिरजा संपत आली, तसा आमच्या घरात एकच प्रश्न घोळू लागला. "उद्या हा मला ओळखेनासा झाला तर?" असे म्हणून ती डोळे पुशी. राजीनामा द्यावा, असेही तिच्या मनात आले. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. तेव्हा या प्रश्नाचा थोडा अभ्यास करावासा वाटला.

मेरी एन्सवर्थ या विदुषीने अमेरिकेत बाल्टिमोर येथे एक साधा प्रयोग केला. वर्षाच्या मुलाला आईसह अनोळखी खोलीत खेळू द्यायचे. मग आईने थोडा वेळ बाहेर जायचे आणि परत यायचे. आई गेल्यावर मूल किती रडले, यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याकडे झेपावते का, कुशीत शांत होऊन पुन्हा खेळू लागते का, याला महत्त्व होते. पुढे अमेरिकेतच १९९१ मध्ये तेराशेहून अधिक मुलांची पाहणी सुरू झाली. केवळ पाळणाघरात राहिल्याने आईशी असलेले नाते दुबळे होत नाही, असे तीत आढळले. आई मुलाचे रडणे-हसणे किती जाणते, यावर ते अधिक अवलंबून असते. मात्र घरी दुर्लक्ष आणि पाळणाघरही निकृष्ट, असे दोन्ही जुळले की धोका वाढतो.

हे वाचताना मला माझे बालपण आठवले. माझी आई परिचारिका. एकदा शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने ती मला खेळात गुंतवून गुपचूप कामावर गेली. पुढे कित्येक दिवस मी तिचा पदर सोडला नाही, असे ती सांगते. तेव्हापासून ती सांगूनच जाई. मी रडले तरी. घरी आल्यावर हातपाय धुऊन, स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी मला मांडीवर घेई. तो पाव तास माझा असे.

वहिनीला मी एवढेच सांगितले. तिने नोकरी सोडली नाही. बाळाला आंघोळ घालण्याचे आणि निजवण्याचे काम दादाने उचलले, कारण माया ही एकट्या आईची जबाबदारी नव्हे. पहिले काही दिवस बाळ रडले. आता त्याला नववा महिना लागला आहे. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की ते हातातले खेळणे टाकून रांगत दाराकडे निघते.

वहिनीच्या प्रश्नाचे उत्तर ते रोज देते.